पोस्टरवर आधी वास्तू दिसू दे

वारसा वास्तूंचं डॉक्युमेंटेशन (म्हणजे मोजून, ड्रॉइंग आणि फोटोंसकट नोंद करणं) आणि जतन या विषयावर कॉन्फरन्ससाठी रिसर्च पोस्टर करणाऱ्यांचे यावेळी इतके प्रश्न आलेत की अख्खा कॉलम त्यांनाच देतेय. विद्यार्थी आहेत, प्रॅक्टिस करणारे आर्किटेक्ट आहेत, एक निवृत्त सर्व्हेअर काकाही आहेत. ज्यांचे प्रश्न एकमेकांना लागून होते ते एकत्र घेतलेत.

प्रश्न : ताई, माझा एम.आर्क.चा थिसिस एका जुन्या दुमजली घराच्या डॉक्युमेंटेशनवर आहे. दीडशे पानं झालीत आणि आता कॉन्फरन्सला ए-झिरो पोस्टर लावायचंय. काय ठेवू आणि काय काढू काहीच सुचत नाहीये. गाईड म्हणतात सगळं थोडं थोडं येऊ दे.

उत्तर : गाईडना वाटतं तुझी मेहनत दिसावी, ते बरोबरच आहे, पण सगळं थोडं थोडं आलं की नेमकं काहीच दिसत नाही. पोस्टरसमोर माणूस दोन-तीन मिनिटं थांबला तरी खूप, आणि त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला अजून रांगेने पोस्टर्स लागलेली असतात. म्हणून थिसिसची फाईल बंद कर आणि कोऱ्या कागदावर एकच वाक्य लिही, की मी मोजायला लागण्याआधी या घराबद्दल जे कुणाला माहीत नव्हतं आणि आता कळलंय ते काय. ते वाक्य लिहिता येत नसेल तर पोस्टरचं काम अजून सुरूच झालेलं नाही असं समज, सॉफ्टवेअर उघडूच नकोस.

उदाहरण देते. समज तू प्रत्येक भिंतीवर ओल किती उंच चढलीय ते मोजलंस आणि तुला दिसलं की जिथे मूळ चुन्याचा गिलावा शाबूत आहे तिथे ओल गुडघ्याखालीच थांबते, आणि जिथे नंतर कुणीतरी सिमेंटचा गिलावा मारलाय तिथे कमरेच्या वर गेलीय, कारण भिंतीतल्या पाण्याला बाहेर उडून जायला वाटच उरली नाही मग ते वर सरकत गेलं आणि क्षारांची पांढरी रेषपण वर गेली. आता टायटल 'एका दुमजली घराचे डॉक्युमेंटेशन : एक अभ्यास' असं कशाला ठेवायचं? सरळ लिही, 'सिमेंटच्या गिलाव्यामागे ओल वर चढली'. खाली बारीक अक्षरात घर कुठलं, कधी मोजलं ते. आणि मध्ये मोठ्ठा सेक्शन, म्हणजे घर उभं कापल्यासारखं दाखवणारं ड्रॉइंग, ज्यावर ओलीची उंची निळ्या रंगाने भरलेली. बाकी जे काही पोस्टरवर येईल ते त्या सेक्शनला मदत करणारं पाहिजे, नाहीतर बाहेर. घराचा चार परिच्छेदांचा इतिहास, साहित्याचा आढावा, अर्धं पोस्टर खाणारा लोकेशन मॅप, हे सगळं थिसिसमध्ये आहेच की.

२०१९ मध्ये माईक मॉरिसन नावाच्या मानसशास्त्राच्या संशोधकाने एक पोस्टरची पद्धत सुचवली होती, मधोमध एकच मोठं वाक्य आणि तपशील कडेला, ती बऱ्याच विषयांत चालली. आपल्या विषयात मात्र मी तिच्यात एक बदल करेन. वाक्य वर ठेवायचं आणि मधली जागा ड्रॉइंगला द्यायची, कारण वास्तू वाक्यातून कळत नाही, बघून कळते.

आता मापं. ए-झिरो म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. २० मीटर रुंदीची दर्शनी बाजू १:५० ला (म्हणजे पन्नास पटीने लहान) काढली तर ४०० मिलिमीटर होते, म्हणजे उभ्या पोस्टरची जवळजवळ अर्धी रुंदी, हे गणित लेआउट करायच्या आधी कर म्हणजे ड्रॉइंग नंतर कोंबावं लागत नाही. टायटल ८५-१०० पॉइंट, मजकूर २४ च्या खाली नको, फोटोखालच्या ओळी १८. शब्द चारशेच्या आसपास. थिसिसच्या शीटवरच्या बारीक रेषा लांबून नाहीशा होतात, त्यामुळे सेक्शनमध्ये कापलेल्या भिंतींच्या रेषा चांगल्या जाड कर.

प्रश्न : आम्ही एका मंदिरसमूहाचं लेझर स्कॅनिंग केलंय, पॉइंट क्लाउड (स्कॅनरने मोजलेल्या असंख्य पॉइंट्सचं थ्रीडी चित्र) फारच सुंदर दिसतोय. टीमचं म्हणणं तोच पूर्ण पोस्टरभर लावू, लोक थांबतील. हे योग्य आहे का?

आणि दुसऱ्या एका वाचकाचा : आमच्याकडे स्कॅनर नाही, ड्रोन नाही. टेप, ओळंबा, दोरी आणि एक साधा कॅमेरा एवढ्यावर मोजणी केलीय. अशा पोस्टरला कुणी विचारेल का?

उत्तर : दोघांना एकत्रच उत्तर देते, कारण दोघांच्याही डोक्यात यंत्रच आहे, एकाला ते आहे म्हणून दाखवायचंय आणि दुसऱ्याला ते नाही म्हणून लाज वाटतेय.

पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचं बघा. अँड्र्यू टॅलन नावाच्या कला इतिहासकाराने २०१० च्या सुमारास ती सगळी वास्तू लेझरने स्कॅन केली, अब्जाहून जास्त पॉइंट्स. पण टॅलनचं काम लोकांनी लक्षात ठेवलं ते या आकड्यामुळे नाही. त्या डेटावरून त्याने दाखवून दिलं की आतले खांब एका रेषेत नाहीत, म्हणजे बांधणाऱ्यांनी कोऱ्या जमिनीवर सुरुवात केली नव्हती, आधीच्या बांधकामाला सांभाळून घेत ते पुढे गेले होते. डेटातून वास्तूबद्दलची गोष्ट बाहेर काढली, तिथे संशोधन झालं. मग १५ एप्रिल २०१९ ला आग लागली, छत आणि शिखर गेलं, आणि तो स्कॅन एकदम अमूल्य झाला.

पण याच वास्तूची दुसरी बाजू टेपवाल्या वाचकांसाठी सांगते. छताचा तो जुना ओकचा लाकडी सांगाडा, जो पूर्ण जळाला, त्याची तपशीलवार मोजणी रेमी फ्रोमाँ आणि सेद्रिक त्रांतसो या दोन आर्किटेक्ट्सनी २०१४ मध्ये करून ठेवली होती. प्रत्यक्ष त्या माळ्यावर जाऊन, लाकडं बघून, जोड समजून घेऊन. सांगाडा परत ओकमध्येच उभा करताना सुतारांना या ड्रॉइंग्जचा मोठा आधार मिळाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये वास्तू पुन्हा उघडली. स्कॅनरला पृष्ठभाग दिसतो, पण कुठलं लाकूड कुठल्यात खाचलंय, कुठली तुळई नंतर बदललेली आहे, जोड कुठल्या पद्धतीचा आहे हे माणूस तिथे उभा राहून ठरवतो आणि रेषेत उतरवतो.

त्यामुळे स्कॅनवाल्यांनो, पॉइंट क्लाउड जरूर लावा पण एक तुकडा, आणि त्याच्या शेजारी त्याच तुकड्यातून काढलेलं रेषांचं ड्रॉइंग लावा आणि बाणाने दाखवा की इथे शिखर इतकं कललंय, इथे थर सरकलेत. नुसता रंगीत ढग बघून लोक थांबतात हे खरं, पण 'वा छान' म्हणून पुढे जातात. आणि टेपवाल्यांनो, फील्ड स्केचचं एक पान, मापांच्या आकड्यांसकट, मळलेलं असलं तरी, पोस्टरवर लावा, ते तुमचा पुरावा आहे. साध्या कॅमेऱ्याचं तर वेगळंच सांगायचंय. इकोमॉस (वारसा वास्तूंवर काम करणारी) आणि आयएसपीआरएस (फोटोंवरून मोजणीवर काम करणारी) या आंतरराष्ट्रीय संस्थांची सीपा नावाची जी समिती आहे तिच्यासाठी १९९४ मध्ये वाल्डहॉयझल आणि ओगल्बी यांनी साध्या कॅमेऱ्यासाठी '३ बाय ३' नियम लिहिले होते. सार एवढंच की काही अंतरं टेपने मोजून ठेवा, वास्तूभोवती पूर्ण फिरून एकमेकांवर येणारे फोटो घ्या, मध्येच झूम बदलू नका, आणि जागेवर नोंदी करा. आजच्या फोटोग्रॅमेट्रीलाही, म्हणजे फोटोंवरून मापं काढण्याच्या पद्धतीलाही, ते तसेच लागू पडतात. तुम्ही हे पाळलं असेल तर पोस्टरवर एका ओळीत लिहा, जाणकार माणूस तिथे थांबणारच.

प्रश्न : मी निवृत्त सर्व्हेअर आहे. हल्ली पोस्टरवर 'अचूकता २ मिमी' असं सर्रास लिहिलेलं दिसतं. विचारलं की हा आकडा कुठून आला तर उत्तर नसतं. तरुण मुलांना यावर काहीतरी सांगा.

उत्तर : काका, हा प्रश्न छापायलाच हवा होता. बहुतेक वेळा तो आकडा यंत्राच्या माहितीपत्रकातून आलेला असतो. तो एका पॉइंटच्या अंतराचा असतो, ठरावीक परिस्थितीतला. त्यात वेगवेगळ्या जागांवरून घेतलेले स्कॅन एकमेकांना जोडतानाची चूक मिळवायची असते, मग कंट्रोलची (ज्या आधी मोजलेल्या पॉइंट्सवर सगळं बसवतो त्यांची) चूक, मग ड्रॉइंग काढताना कडा नेमकी कुठे धरली त्याची चूक. झिजलेल्या दगडाची कडा मुळात २ मिलिमीटरमध्ये ठरवताच येत नाही, दोन माणसं दोन ठिकाणी धरतील.

मुलांनो, प्रामाणिक पद्धत अशी आहे. टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या सर्व्हेच्या यंत्राने) जे पॉइंट्स घेता त्यातले काही मॉडेल बसवायला वापरा आणि काही मुद्दाम बाजूला ठेवा. मॉडेल झालं की त्या बाजूला ठेवलेल्या पॉइंट्सवर किती फरक पडतो ते बघा आणि तोच आकडा पोस्टरवर लिहा, किती पॉइंट्सवर तपासला तेही. ज्या पॉइंट्सवर मॉडेल बसवलं त्यांच्यावरचा फरक कमीच दिसणार, त्याने काही सिद्ध होत नाही.

आणि किती अचूकता लागते हे स्केलवरून ठरवा ना. कागदावर साधारण ०.२ मिलिमीटरपर्यंतचा फरक दिसतो असं धरलं तर १:५० ला तो जागेवर १० मिलिमीटर होतो आणि १:२० ला ४. म्हणजे पूर्ण दर्शनी बाजू १:५० ला दाखवणार असाल तर १० मिलिमीटरच्या आत असलेली मोजणी उत्तम मोजणी आहे, ती तशी सांगायला कमीपणा कसला? उलट 'या ड्रॉइंगसाठी आम्हाला एवढी अचूकता हवी होती आणि एवढी मिळाली' हे वाक्य वाचलं की काकांसारखा माणूस खूश होतो आणि मग पुढचं बोलणं सुरू होतं.

अजून एक, पोस्टरवर नुसतं '१:५०' लिहू नका. आयोजकांनी ए-वन करायला सांगितलं, किंवा कुणी फोटो काढला, की ते खोटं ठरतं. स्केल बार काढा, तो ड्रॉइंगबरोबर लहानमोठा होतो. उत्तर दिशा आणि मोजणीची तारीख पण टाका. तारीख तर विसरूच नका कारण वास्तू बदलत असते आणि तुमचं ड्रॉइंग त्या दिवसाचं आहे.

प्रश्न : आमच्या वास्तूचा वरचा मजला पडलेला आहे. आम्ही थ्रीडी मॉडेलमध्ये तो पूर्ण करून दाखवला, खिडक्या, छत, नक्षीसकट. ज्युरी मेंबर म्हणाले हे कल्पनारंजन आहे. आम्ही जुने फोटो, आजूबाजूच्या वास्तू असा अभ्यास करूनच केलं होतं हो.

उत्तर : अभ्यास केला होता हे मला पटतं, पण पोस्टर बघणाऱ्याला ते कसं कळणार? त्याला एकच गुळगुळीत मॉडेल दिसलं ज्यात खालचा मोजलेला मजला आणि वरचा तर्काने उभा केलेला मजला एकाच रंगात, एकाच टेक्श्चरमध्ये. हीच खरी अडचण आहे. वास्तूंच्या जतनाबद्दलचं जे आंतरराष्ट्रीय व्हेनिस चार्टर आहे, १९६४ चं, त्याच्या ९ व्या कलमात स्पष्ट आहे की जिथे तर्क सुरू होतो तिथे रिस्टोरेशन थांबलं पाहिजे. ते प्रत्यक्ष वास्तूबद्दल आहे, स्क्रीनवरच्या मॉडेलमध्ये तर्क करायला हरकत नाही, पण तर्क कुठून सुरू झाला ते दिसलं पाहिजे. कॉम्प्युटरवर वारसा दाखवण्याबद्दलचं लंडन चार्टर, २००६ चं, तेही हेच मागतं की पुरावा काय, निष्कर्ष काय आणि तर्क काय हे बघणाऱ्याला वेगळं कळू दे.

अफगाणिस्तानातल्या बामियानच्या बुद्धमूर्तींवरचं काम या बाबतीत मला फार आवडतं. मार्च २००१ मध्ये त्या मूर्ती उडवल्यावर झुरिचच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातल्या आर्मिन ग्रुन, फाबिओ रेमोंदिनो आणि ली झांग यांनी मोठ्या बुद्धमूर्तीचं कॉम्प्युटर मॉडेल केलं. त्यांच्याकडे तीन प्रकारचे फोटो होते, इंटरनेटवर मिळालेले, पर्यटकांनी काढलेले, आणि ऑस्ट्रियाच्या रॉबर्ट कोस्टका यांनी १९७० मध्ये मोजमापाच्या कॅमेऱ्याने घेतलेले. त्यांनी हे सगळं एकत्र कालवून एक 'फायनल' मॉडेल लोकांसमोर ठेवलं नाही. तिन्ही संचांवरून वेगवेगळी मॉडेल्स केली आणि कशातून काय दर्जाचं मिळतं ते मांडलं. कोस्टकांच्या फोटोंवरून वस्त्राच्या चुण्यांपर्यंतचा तपशील मिळाला, बाकीच्यांतून तसा नाही. मूर्ती आता नाही, पण आपल्याला तिच्याबद्दल किती खात्रीने बोलता येतं हे तरी नक्की झालं.

तुम्ही काय करा, तेच मॉडेल ठेवा, फक्त तीन भाग करा. मोजलेलं जे आहे ते पूर्ण रेषेत आणि खऱ्या रंगात. जुन्या फोटोंवरून आलेलं फिक्या रंगात आणि कडेला तो फोटो लावा, कुठल्या साली काढलेला ते माहीत असेल तर सालासकट. आणि आजूबाजूच्या वास्तूंवरून अंदाज केलेलं नुसत्या तुटक रेषेत, नक्षी न भरता. नक्षी तर बिलकुल भरू नका. कोपऱ्यात या तिघांची खूण द्या. ज्युरींना तुमचा पुढचा ड्राफ्ट नुसता दाखवा, तुमच्या अभ्यासाचं वजन त्यांना आपोआप कळेल.

प्रश्न : कंडिशन मॅपिंगच्या (कुठे काय खराब झालंय ते ड्रॉइंगवर दाखवण्याच्या) शीटवर आम्ही चौदा रंग वापरलेत, प्रत्येक खराबीला एक. पोस्टरवर ते गोधडीसारखं दिसतंय. कमी कसे करू?

उत्तर : कमी करायला तुमच्यासाठी वर्गीकरण तयार आहे. इकोमॉसच्या दगडविषयक समितीने २००८ मध्ये दगडाच्या खराबीची सचित्र शब्दावली काढली, त्यात सगळ्या खराबी पाच मोठ्या गटांत बसवल्यात : भेगा आणि आकार बिघडणं, थर किंवा पापुद्रे सुटणं, दगडच झिजून किंवा निघून जाणं, रंग बदलणं आणि वर काहीतरी साचणं, आणि शेवाळ-झाडंझुडपं-दगडफूल असली जैविक वाढ. पोस्टरवर पाचच रंग, चौदाचा तपशील हातात द्यायच्या शीटवर. त्या शब्दावलीतलीच नावं वापरली तर दुसऱ्या देशातल्या माणसालाही तुमचं मॅपिंग स्वतःच्या मॅपिंगशी ताडून बघता येतं.

रंगांवर भरवसा ठेवू नका मात्र, लाल-हिरव्यात फरक न कळणारे पुरुष बरेच असतात, त्यामुळे प्रत्येक रंगाला वेगळा हॅच (रेघांची किंवा ठिपक्यांची भरणी) पण द्या. आणि नुसतं मॅपिंग लावून थांबू नका हो, मी असं कितीतरी वेळा बघते की मॅपिंग देखणं असतं आणि कारणाचा पत्ता नसतो. पापुद्रे फक्त खालच्या तीन थरांत का आहेत? शेवाळ एकाच कोपऱ्यात का? पन्हळ फुटलीय का वरती? मॅपिंगवर पाणी कुठून येतं त्याचा एक बाण काढला की ते चित्र बोलायला लागतं आणि जतनासाठी काय करायचं तेही त्याच्यातूनच निघतं.

प्रश्न : आम्ही ज्या घराचं डॉक्युमेंटेशन केलं तिथे कुटुंब अजून राहतं. पोस्टरवर प्लॅन लावायला त्यांची परवानगी घ्यावी लागते का? त्यांनी मोजायला तर आनंदाने दिलं होतं.

उत्तर : घ्यायलाच हवी, आणि वेगळी. मोजायला दिलं म्हणजे चारशे अनोळखी माणसांसमोर आपल्या झोपायच्या खोल्या लावायला दिल्या असं होत नाही. आधी पोस्टरचा ड्राफ्ट त्यांना घरी नेऊन दाखवा, शक्य असेल तर मोठा प्रिंट. ते काय काढा म्हणतील ते काढा, वाद घालू नका. फोटोत देवघर, कागदपत्रं, लहान मुलं येत असतील तर ते फोटो नकोतच. मौल्यवान कोरीव लाकूडकाम किंवा मूर्ती असेल तर ती घरात नेमकी कुठे आहे हे प्लॅनवर दाखवू नका आणि पत्ता तर अजिबात नको, चोरीचा धोका खरा असतो.

याच्याबरोबरच अजून एक. ज्या गवंड्याने तुम्हाला चुना किती दिवस भिजवायचा ते सांगितलं, ज्या आजींनी कुठली भिंत कधी पाडली ते सांगितलं, त्यांचं नाव त्यांना विचारून पोस्टरवर घाला, आणि मोजणीला टेपचं दुसरं टोक धरून दिवसभर उभ्या राहिलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलामुलींचंही. ती माहिती त्यांच्याकडून आलेली आहे, आपल्या नावावर खपवायची नाही.

प्रश्न : ताई मला पोस्टर करायला जमतं पण त्याच्या शेजारी उभं राहून बोलायचं म्हटलं की हातपाय गार पडतात. काय बोलू, कुठून सुरू करू?

उत्तर : अगं, पोस्टरसमोर बोलणं हे भाषण नाहीच. समोर एक-दोन माणसं असतात आणि मध्ये ड्रॉइंग असतं, त्याच्याकडे बोट दाखवायचं. पोस्टर झाकेल असं समोर उभी राहू नकोस, कडेला राहा. कुणी आलं की लगेच सुरू करू नकोस, त्याला अर्धा मिनिट शांतपणे बघू दे, डोळे कुठे थांबतायत ते बघ आणि तिथूनच सुरू कर. ओलीच्या रेषेकडे बघत असेल तर 'ही रेष बघा, इथे सिमेंट सुरू होतं' एवढं म्हटलं की झालं. पहिलं वाक्य मात्र पाठ पाहिजे, वास्तू काय आहे आणि काय सापडलं, दोन श्वासांत. त्याच्यापुढे पाठ करू नकोस.

मग त्यालाच विचार की तुम्ही कशावर काम करता. मोजणीवाला असेल तर कंट्रोल आणि चूक किती त्याचे आकडे विचारेल, मटेरियलवाला असेल तर नमुना कुठून घेतला, प्लास्टरमध्ये वाळू-चुन्याचं प्रमाण कसं काढलं ते विचारेल, इतिहासवाला विचारेल की हा भाग आधीचा कशावरून म्हणता. प्रत्येकाला सगळं सांगायची गरज नाही, ज्याला जे हवं ते सांग. पोस्टर वाचून दाखवू नकोस, त्याला वाचता येतं.

एखादी गोष्ट मोजली नसेल तर 'ते आम्ही मोजलेलं नाही' असं सरळ सांग. पाया उघडून बघायची परवानगी नव्हती तर परवानगी नव्हती. आपल्या विषयात हे उत्तर पूर्णपणे सन्मानाचं आहे कारण जुन्या वास्तूत सगळीकडे हात घालता येत नाही आणि घालूही नये. अंदाज ठोकून दिलास तर मात्र समोरचा ओळखतो. आणि एक छोटी वही जवळ ठेव, कोण काय म्हणालं ते लगेच लिहून घे, कारण कुणीतरी हमखास म्हणतं की 'अशीच खूण मी अमुक ठिकाणी बघितलीय' आणि संध्याकाळी ते ठिकाण आठवत नाही.

प्रश्न : कापडावर प्रिंट करू की कागदावर? रिझोल्यूशन किती ठेवू? क्यूआर कोड द्यावा का?

उत्तर : प्रवास असेल तर कापड, घडी घालून बॅगेत जातं, पण बारीक रेषा कापडावर थोड्या फुटतात, म्हणून ड्रॉइंग जास्त असेल तर मॅट कागद आणि नळी. ग्लॉसी नको, हॉलचे दिवे त्यात चमकतात आणि ड्रॉइंगवर पांढरा पट्टा येतो. १५० डीपीआय (दर इंचाला १५० पिक्सेल) पुरतं, ए-झिरोला ते साधारण ४९६७ बाय ७०२२ पिक्सेल होतं, आणि ड्रॉइंग्ज व्हेक्टरच (कितीही मोठी केली तरी न फुटणाऱ्या रेषांची) ठेवा, जेपेग करून चिकटवू नका. मराठी मजकूर असेल तर फॉन्ट पीडीएफमध्ये एम्बेड झालाय का ते बघा नाहीतर प्रेसमध्ये जोडाक्षरं फुटतात. क्यूआर कोड द्या, पण तो थ्रीडी मॉडेलवर किंवा पूर्ण ड्रॉइंग सेटवर गेला पाहिजे, कॉलेजच्या होमपेजवर नको.

प्रश्न : कॉन्फरन्स संपली, पोस्टर गुंडाळून कपाटावर पडलंय, डेटा हार्ड डिस्कवर आहे. आता पुढे काही करायचं असतं का?

उत्तर : खरं काम आता आहे. व्हेनिस चार्टरचं १६ वं कलम, ज्याच्याकडे फार लोकांचं लक्ष जात नाही, ते सांगतं की जतनाच्या प्रत्येक कामाची नेमकी नोंद ड्रॉइंग आणि फोटोंसकट एखाद्या सार्वजनिक संस्थेच्या दफ्तरात ठेवा, संशोधकांना बघता येईल अशी. इकोमॉसने १९९६ मध्ये सोफियाला नोंदणीची तत्त्वं मंजूर केली त्यात तर एक पूर्ण प्रत दुसऱ्या सुरक्षित जागी ठेवा असंही आहे.

हे नियम वाचून कंटाळा येत असेल तर पोलंडमधलं वॉर्सा डोळ्यांसमोर आणा. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी तिथल्या पॉलिटेक्निकच्या आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी जुन्या शहराची मोजणी करून ड्रॉइंग्ज काढली होती, अगदी तुम्ही करता तसलीच. युद्धात ती लपवून वाचवली. शहर जमीनदोस्त झालं आणि परत बांधताना हीच ड्रॉइंग्ज कामाला आली, १९८० मध्ये ते जुनं शहर युनेस्कोच्या यादीत गेलं. युगांडातल्या कासुबी समाधींचं लेझर स्कॅनिंग २००९ मध्ये झालं आणि मार्च २०१० मध्ये मुख्य वास्तू आगीत गेली. नोंद कधी लागेल हे कुणाला आधी कळत नाही.

तर करायचं असं. पॉइंट क्लाउड कंपनीच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये आहे त्याची ई-५७ प्रत काढा, तो खुला फॉरमॅट आहे, दहा वर्षांनी ते सॉफ्टवेअर नसलं तरी उघडेल. फोटो टिफमध्ये, ड्रॉइंग्ज पीडीएफ-ए मध्ये आणि मूळ कॅड फाईलही बरोबर. एक साधी टेक्स्ट फाईल लिहा : कोणी मोजलं, कधी, कशाने, कंट्रोल पॉइंट्स कुठे आहेत, काय मोजता आलं नाही. फील्ड बुक स्कॅन करा, पेन्सिल पुसट होत जाते. पोस्टर आणि जेवढा डेटा उघडा करायला घरमालकांची हरकत नाही तेवढा झेनोडोसारख्या ऑनलाइन संग्रहात टाका, सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेने चालवलेलं आहे, फुकट आहे आणि डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) मिळतो म्हणजे लोकांना तुमचं पोस्टर संदर्भ म्हणून देता येतं. अमेरिकेत १९३३ पासून ऐतिहासिक इमारतींच्या मोजणीचा जो सरकारी उपक्रम चालू आहे, हॅब्ज म्हणतात त्याला, त्याची ड्रॉइंग्ज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये कुणालाही बघता येतात. एखादी शीट उघडून बघाच, नव्वद वर्षांपूर्वीचं ड्रॉइंग आहे आणि कोणी काढलं, कधी काढलं, स्केल काय, सगळं शीटवरच आहे.

आणि एक प्रत त्या वास्तूच्या मालकांना द्या, पेन ड्राइव्हवर नको, कागदावर. पुढची दुरुस्ती निघेल तेव्हा गवंड्याच्या हातात तीच पडणार आहे.